घरच्यांची काही तक्रार नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही सोनगीरच्या शाळेत, म्हणजे मास्तर आले तर शाळा. पुढचं जे लिहिणं-वाचणं आलं ते पुड्यांच्या कागदांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून आणि आमच्या ह्यांच्या पासपोर्टवरून. हसू नका, खरंच पासपोर्टवरून.

हे जळगावला डाळ मिलमध्ये फिटर होते. चाळण्या, पट्टे, मोटारी, काही बिघडलं की हाक ह्यांनाच. घर मेहरूणला. घरात सासू-सासरे, लग्नाला आलेली ननंद, आम्ही दोघं आणि आमची तीन वर्षांची मुलगी. सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आखातात जायचं वारं सुटलं होतं. भुसावळचा कोणी गेला, धुळ्याचे चार गेले, टेपरेकॉर्डर घेऊन आले, की बाकीच्यांना घरात चैन पडत नसे. ह्यांनाही एक एजंट भेटला. पाईप फिटरची जागा, राहणं-खाणं मालकाचं, दोन वर्षांचा करार.

पासपोर्ट पोस्टानं आला आणि जायच्या आधी दोनेक महिने ट्रंकेत पडून होता. दुपारी सगळे झोपले की मी तो काढून बघायची. इंग्रजी काही कळत नव्हतं, पण हिंदीतही लिहिलेलं होतं, ते अक्षर लावून लावून वाचता यायचं. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं लिहिलं होतं की हा पासपोर्ट ज्याच्याजवळ आहे त्याला कोणी अडवू नये, आणि त्याला लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं. मी तीनदा वाचलं. मग मुलीच्या पाटीवर उतरवलं, मग वहीत. वहीत नंबरही लिहिला, इंग्रजी अक्षरंसुद्धा लिहिली, रांगोळीचे ठिपके बघून काढतात तशी, अर्थ न कळता.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "म्हणजे तुम्हाला तिकडं काही झालं तर राष्ट्रपती बघणार."

"त्यांना दुसरं काम नाही वाटतं," हे म्हणाले.

ओट्यावरून आबांनी ऐकलं. "सूनबाई, राष्ट्रपती यायचे आहेत ना, मग चहा जास्तीचा टाक!"

सगळे हसले, मीही हसले. पण मनात मी ते धरून ठेवलं होतं. देशाच्या सगळ्यात मोठ्या माणसानं छापून दिलंय, म्हणजे ते खोटं कसं असेल? इतकी मी साधी होते.

पहिलं वर्ष पत्रं आली. निळ्या पातळ कागदावर, दर पंधरा दिवसांनी. उकाड्याचं लिहायचे, मुलीचं विचारायचे, आबांच्या गुडघ्याचं विचारायचे. मग महिन्याला एक यायला लागलं. मग चार महिने काहीच नाही. आबा शेजाऱ्यांना सांगायचे, तिकडच्या पोस्टाचा काही भरवसा नाही. मी डाळ निवडताना दाराकडं बघत बसायची, आणि सासूबाई मला बघून उठून आत जायच्या.

एक दिवस सकाळच्या एस.टी.नं धुळ्याचा एक माणूस आला. जातीनं विणकर मुसलमान, तिकडं सुतारकाम करायचा, ह्यांच्याच खोलीत राहायचा. सुट्टीवर आला होता आणि पत्ता विचारत विचारत मेहरूणपर्यंत पोचला. मी पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात तसाच धरला.

"भाभी, भाई अंदर हैं।"

मी म्हटलं, "अंदर म्हणजे?"

"जेल में।"

आबा उभे राहिले. "काय केलं त्यानं?"

"कुछ नहीं किया, चाचा। वोही तो रोना है।"

त्यानं सगळं सांगितलं. मालकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि कपाटात कोंडले. पुढं पगारही थांबवला. पाच जणांनी काम सोडलं आणि आपल्या वकिलातीत जाऊन सांगायचं ठरवलं. पायी निघाले. रस्त्यात पोलिसांनी कागद मागितले, कागद कोणाजवळ होते? मालकानं तर आधीच लिहून दिलं होतं की माझी माणसं पळाली. तिकडं मालकाला सोडून पळणं हाच गुन्हा.

"एंबसी के रस्ते में पकडे गये, भाभी। दो मोड बाकी थे।"

त्यानंच मला सांगितलं की वकिलातीला लिहा. आपला माणूस आत असला तर वकिलातीचा साहेब जाऊन भेटू शकतो, पण आत कोण आहे हे त्याला कोणी सांगायला तर हवं. घरून चिठ्ठी गेली की विचारायला जातात. "और पासपोर्ट का नंबर जरूर लिखना। नंबर के बगैर ढूंढेंगे किसको?"

जाताना आबांनी त्याचा हात धरला. "बाबा, तू आलास, उपकार झाले. पण हे इथं कुठं बोलू नकोस."

तो आबांकडं बघतच राहिला. "चाचा, बोलने से ही तो छूटेगा।"

आता आबांना वाईट म्हणू नका, मीही एवढ्या वर्षांत कधी म्हटलं नाही. ननंदेचं जमत आलं होतं. मुलगा रेल्वेत, भुसावळला क्वार्टर. आमच्यात मुलीचा भाऊ तुरुंगात म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही की कशासाठी. चोरी, दारू नाहीतर बाई, लोक आपापल्या मनानं काय ते ठरवतात. दोन स्थळं काही कारण नसताना मोडली होती, हे तिसरं. आबांच्या डोळ्यांपुढं एक पोरगी दिसत होती. पोरगा लांब होता.

मी मात्र लिहिलं. कोणाला न सांगता, दळण आणायला म्हणून निघाले आणि पोस्टात गेले. हिंदीत लिहिलं, मला येत होतं तसं. पासपोर्टवरचेच शब्द घातले, संरक्षण, सहायता, राष्ट्रपती. वहीतला नंबर तीनदा ताडून लिहिला. खाली माझं नाव, पत्नी म्हणून. पोस्टातल्या बाबूनं पाकीट उलटंपालटं केलं.

"वहिनी, एवढ्या लांब? काय काम काढलंत?"

"काम नाही, भाऊ," मी म्हटलं, "हक्क आहे."

कुठून आलं माझ्या तोंडी, कोणास ठाऊक. तो बाबू जरा सावरून बसला आणि शिक्का नीट दाबून मारला.

दोन महिने गेले. मग भुसावळचे पाहुणे आले.

सकाळपासून घर सारवणं-पुसणं चाललेलं. मी पोहे भिजवले होते, ननंद नव्या साडीत खांबाला टेकून उभी होती. पाच माणसं आली. बैठकीत मुलाच्या काकांनी विचारलं, "थोरले चिरंजीव कुठं असतात?"

"आखातात," आबा म्हणाले. "सुपरवायझर आहेत. हाताखाली चाळीस माणसं."

"वा! मग लग्नाला येतील ना?"

"रजा मिळाली तर."

मी आत कढईत झारा फिरवत होते. मनात म्हटलं, असू दे, पोरीचं होऊन जाऊ दे. तेवढ्यात दाराशी सायकल लागली. चौकीतले हवालदार. ओळखीचेच, गणपतीत बंदोबस्ताला यायचे. हातात कागद. आबांनी त्यांना पाहिलं आणि पाहुण्यांना "आलोच" म्हणून असे लगबगीनं उठले की चप्पल उलटी पायात गेली. हवालदारांना घेऊन ते घराच्या बाजूला आले, बोळीत. स्वयंपाकघराची खिडकी तिकडंच. त्यांच्यात आणि माझ्यात दोन हातांचं अंतर.

"आबा, वरून कागद आलाय," हवालदार म्हणाले. "दिल्लीहून कलेक्टर हापिसात, तिथून आमच्याकडं. तुमचा मुलगा तिकडं अटकेत आहे, घरच्यांनी वकिलातीला अर्ज केलाय, असं म्हणतात. माणूस तुमचाच का आणि अर्ज खरा का, एवढा जबाब पाहिजे."

"हळू बोला, हळू. घरात पाहुणे आहेत."

"बरं, हळू बोलतो. खरं का पण?"

"छे! कोणाचा तरी चावटपणा. पोराचं पत्र आलं मागल्या आठवड्यात. मजेत आहे."

"मग अर्ज कोणी केला? इथं बाईंचं नाव आहे."

"बाईमाणूस. घाबरली असेल, कोणी काही सांगितलं असेल. तुम्ही लिहा की घरच्यांची काही तक्रार नाही."

हवालदारांनी कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. माणूस चांगला होता, हेही सांगायलाच हवं. म्हणाले, "आबा, नाव त्यांचं आहे. त्यांना विचारावं लागेल."

आबांनी खिडकीतून हाक मारली. "सूनबाई, साहेबांना पोहे आण."

मी पोह्यांची बशी घेऊन मागच्या दारानं बोळीत गेले. पदर कपाळापर्यंत. बैठकीतून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. ओट्यावर त्यांच्या पाच जोड्या पायताणांच्या रांगेत होत्या, त्या मला अजून दिसतात. हवालदारांनी बशी घेतली आणि मला विचारलं, अगदी समोर, सरळ.

"वहिनी, अर्ज तुम्हीच केला ना? तुमचे मालक आत आहेत का?"

एवढंच उत्तर द्यायचं होतं. हो. एक अक्षर. दोन महिने मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. पोस्टातल्या बाबूसमोर हक्क म्हणणारी बाई मीच होते. पण परक्या पुरुषासमोर सासऱ्यांचा शब्द खोटा पाडायचा, घरात व्याही बसलेले असताना, हे माझ्या जिभेला कोणी शिकवलेलंच नव्हतं. आबा माझ्याकडं बघतही नव्हते. भिंतीकडं बघत होते.

मी म्हटलं, "आबा सांगतात तेच."

हवालदारांनी लिहिलं. आबांनी सही केली, मी अंगठ्यासाठी दाखवलेल्या जागी माझं नाव लिहिलं. लिहिता येत होतं ना मला. मग हवालदार पोहे खाऊन, छान झालेत म्हणून, सायकलवर बसून गेले.

मी मनाला समजावलं की आजचा दिवस जाऊ दे, उद्या चौकीत जाऊन खरं सांगते. दुसऱ्या दिवशी आबांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "एकदा लग्न होऊ दे, मी स्वतः जातो. माझा मुलगा नाही का तो?" लग्न तीन महिन्यांनी झालं. थाटात झालं, बँड होता. आबा खरंच चौकीत गेले, पण कागद केव्हाच पुढं गेला होता आणि हवालदारांची बदली झाली होती. पुढं एक इंग्रजी टंकलिखित पत्र आलं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. स्थानिक चौकशीनुसार कुटुंबाची काही तक्रार नसल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

मास्तरांनी चष्मा काढला. "कशाची तक्रार?" त्यांनी विचारलं. मी पत्र घेऊन घरी आले.

सोनगीरला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. मला वाटलं, आई तरी जवळ घेईल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बठ्ठास्ले तोंड शे. तुलेच नही का?" सगळ्यांना तोंड आहे, तुलाच तेवढं नाही का. बस. जेवायला वाढलं, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तिथूनच धुळ्याला एका वकिलांकडं गेले. म्हातारे होते, पैसे घेतले नाहीत. मी वही पुढं केली, पहिल्या पानावरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ताई, हे जे छापलंय ना, ती आपल्या सरकारनं दुसऱ्या देशांना केलेली विनंती आहे. आपल्या सरकारनं तुमच्याशी केलेला करार नव्हे."

"मग तिकडच्या साहेबानं भेटायला जायचं, ते?"

"देशादेशांत तसं ठरलेलं आहे. कैद्यानं मागितलं तर तिथल्या पोलिसांनी वकिलातीला कळवायचं, वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं. जायला हवं, बहुतेक जातातही. पण गेले नाहीत, तर तुम्ही त्यांना कोर्टात खेचावं असं कलम मला तरी आपल्या कायद्यात सापडत नाही."

"म्हणजे हक्क नाही?"

त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "मेहेरबानी आहे. आणि मेहेरबानी करणाऱ्याला नाही म्हणायला निमित्त लागतं. ते तुम्ही सही करून दिलंत."

असं तोंडावर कोणी मला कधी बोललं नव्हतं. पण उपाय त्यांनीच सांगितला. ज्यानं जबाब दिला त्यानं तो खोटा होता असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि नवा अर्ज जोडायचा. माझ्या एकटीच्या कागदानं भागणार नव्हतं, पहिली सही आबांची होती.

आबा करेनात. ननंदेला दिवस गेले होते. "आता व्याह्यांना कळलं तर ती पोर कुठं जाईल?" मग बाळंतपण झालं. मग बारसं. दर वेळी काही ना काही निघायचं आणि दर वेळी ते खरंही असायचं. मी रोज विचारायची, आबा रोज "बघू" म्हणायचे. शेवटी सासूबाईंनी, ज्या जन्मात कधी आबांपुढं बोलल्या नव्हत्या, एक दिवस त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "तिकडं त्याला कोण वाढत असेल?" आबांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर धुळ्याच्या एस.टी.त बसले. वकिलांनी कागद बोटांनी दाबून धरला आणि आबांनी सही केली.

तो अर्ज गेला आणि पाच महिन्यांत हे सुटले. म्हणजे बघा, काम व्हायचं तेव्हा होत होतं. पहिला जबाब गेल्यापासून दुसरा जाईपर्यंतचे चौदा महिने, ते ना तिकडच्या मालकाचे, ना सरकारचे. ते आमच्या घराचे.

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पासपोर्टऐवजी एक घडी घातलेला कागद. दाढी पांढरी. मुलगी माझ्यामागं लपली. आबांच्या पाया पडले, सासूबाईंच्या पडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बारीक झालीस." आठ-नऊ महिने तुरुंगाचा विषय घरात कोणी काढला नाही. हे पुन्हा डाळ मिलमध्ये जायला लागले. लोकांनी विचारलं तर आबाच आधी सांगायचे, करार संपला.

मग कुवेतची लढाई लागली. शेजाऱ्यांच्या टी.व्ही.वर संध्याकाळच्या बातम्यांना सगळी गल्ली जमायची. सरकारनं विमानं पाठवून माणसं परत आणली, मुंबईच्या विमानतळावर बायका-पोरं रडत होती. आबा खुर्चीवर पुढं सरकून म्हणाले, "बघा, सरकार मनावर घेतं तेव्हा कसं करतं!"

हे उठले आणि घरी आले. मी मागोमाग आले. भूक लागली म्हणाले, म्हणून कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. पहिला घास घेऊन त्यांनी विचारलं, इतक्या साध्या आवाजात की मला आधी कळलंच नाही कशाचं.

"तो जबाब कोणी दिला होता?"

"आबांनी," मी म्हटलं. "ताईंचं जमत होतं ना."

"हं." दुसरा घास. "तो साहेब आला होता मला भेटायला, एकदा, जाळीच्या पलीकडून. मी हातापाया पडलो त्याच्या. पुन्हा आला तेव्हा म्हणाला, तुमच्या घरून लिहून आलंय, काही तक्रार नाही. मी म्हटलं, असं होणारच नाही. बराकीतले हसायला लागले. त्यानंतर तो आलाच नाही. मीही पुन्हा मागणी केली नाही. कोणाच्या जिवावर करणार?"

मी ताटात आणखी ठेचा वाढला.

"तुला विचारलं नाही का कोणी?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालं होतं.

"विचारलं होतं," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. जणू माहीतच होतं. "विचारणारच. मीच साहेबाला तुझं नाव दिलं होतं. म्हटलं, घरात दुसऱ्या कोणाला विचारू नका, बायकोला विचारा. ती शिकलेली नाही, पण खरं सांगेल."

मग त्यांनी ताटातली भाकरी पुरती संपवली, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. भांडले नाहीत. कधीच भांडले नाहीत. पण त्यानंतर मुलीच्या शाळेचा असो, रेशनचा असो, कसलाही कागद घरी आला की हे स्वतः चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे आणि स्वतः सही करायचे. मी समोरच उभी असायची. मला विचारायचे नाहीत.